काळी पाचातली पटाचारा

२ एप्रिल २०२५ रोजी सुकेशनी ताकसांडे हिने सावंगीच्या दवाखान्यात केसपेपर, दुर्बिणीची तपासणी आणि औषधं मिळून १,३४० रुपये भरले आणि सहा आठवड्यांची चुप्पी घेऊन ती बाहेर पडली. डॉक्टर माधवी यांनी पडद्यावर तिला तिचाच गळा दाखवला होता. स्वरतंतूंच्या दोन पांढुरक्या पट्ट्या आणि दोन्हींवर मधोमध, समोरासमोर, एकेक फुगीर दाणा.

"बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्याने उलट ताण पडतो."

"अन् गाणं?"

"गाणं तर नाहीच. आराम दिला तर दाणे बसतील. आता जोर लावलात आणि तिथे रक्त उतरलं, तर वरचा आवाज परत येईलच असं मी सांगू शकत नाही."

ऑटोत बसल्यावर सुकेशनीने बोटांवर दिवस मोजले. सहा आठवडे चौदा मे रोजी संपत होते. आष्टीला ठरलेला तिच्या गाण्याचा कार्यक्रम बुद्धपौर्णिमेचा होता, म्हणजे बारा मे. दोन दिवस कमी पडत होते.

वरचा आवाज हीच तिची सारी कमाई. वर्ध्यातल्या तिच्या वस्तीच्या विहारात ती अकराव्या वर्षी वंदनेला बसली, तेव्हा पेटी वाजवणाऱ्या कवडू मून यांनी हात थांबवून मागे पाहिलं होतं. पोरगी काळी पाचात गात होती. पेटीच्या सप्तकातली ती शेवटची काळी पट्टी. तिथे सा धरून पुन्हा वर चढणाऱ्या बाया साऱ्या जिल्ह्यात दोन-चार सापडल्या तर सापडल्या. एकोणिसाव्या वर्षी कवडूकाकांनी तिला दुय्यमच्या, म्हणजे सवाल-जवाबाच्या सामन्याच्या, मंचावर उभं केलं. तिथे एका बाजूला बाईची पार्टी, दुसऱ्या बाजूला पुरुषाची. त्याने गाण्यातून सवाल टाकायचा, तिने गाण्यातून जवाब द्यायचा. पहिल्याच सामन्यात समोरचा बुवा लोकांकडे वळून म्हणाला, "बाई गाऊन राह्यली का शिट्टी वाजवून राह्यली?" सुकेशनीने जागच्या जागी चाल बांधली आणि गाऊन सांगितलं की शिट्टी वाजली म्हणजे गाडी सुटते, बुवा, तुमची अजून यार्डातच उभी हाय. मंडप उठून उभा राहिला. तेव्हापासून चाली ती स्वतःच बांधू लागली.

पुढे एका पावसाळ्यात, वर्षावासाच्या प्रवचनांत, तिने भन्तेजींकडून पटाचाराची कथा ऐकली. नवरा साप चावून गेलेला. नदीच्या या तीरावर थोरलं पोरगं, त्या तीरावर तान्हं, आणि आई मधोमध पाण्यात. ससाणा तान्ह्यावर झेपावतो म्हणून ती हात उंचावून ओरडते. थोरल्याला वाटतं, माय बोलावते. तो पाण्यात उतरतो. सुकेशनीने या कथेचं दोन तासांचं नाटक केलं आणि त्यात एकही वाक्य बोलायला ठेवलं नाही. आरंभापासून शेवटपर्यंत सारं गाण्यात.

"मधामधात बोलणं पायजे ना, पोरी," कवडूकाका म्हणाले. "लोकं कंटाळतीन."

"माह्या मावशीचं पोरगं गेलं तवा मावशी बोलली का, काका? सुरातच रडली. सारं गाव ऐकत होतं. कोणी कंटाळलं का?"

मावशीच्या त्या रडण्यातूनच तिने पटाचाराची हाक बांधली. पाच हाका, प्रत्येक आधीच्यापेक्षा एक सूर वर. अठरा वर्षांत दोनशेच्या वर प्रयोग झाले. चाली कुठेच लिहून ठेवलेल्या नव्हत्या. त्या तिच्या गळ्यात होत्या आणि काकांच्या बोटांत. पार्टीत माणसं आठ, पण मिळकतीचे वाटे नऊ. मुख्य भूमिका गाणाऱ्याला दोन, बाकी सगळ्यांना एकेक. चाल बांधणाऱ्याला वेगळा वाटा नसायचा. मुख्य गाणारी आणि चाल बांधणारी एकच बाई असल्याने हे कधी कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

आता घरात पाटी आली. नवरा नागसेन स्टेशनवर ऑटो चालवायचा. त्याने पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "पंचवीस वर्षांत पह्यल्यांदा माह्या बोलण्याचा नंबर लागला." सुकेशनीने पाटीवर लिहिलं, 'तरी ऐकतंय कोण?' तो हसला, पण लवकरच घरातली शांतता त्यालाही टोचू लागली. अंगणवाडीत ती सेविका होती, तिथून तिने रजा घेतली. तिथली मदतनीस रुख्माबाई सांगत आली, पोरं विचारतात, बाईंचा आवाज कोणी नेला? चौदा एप्रिलला मिरवणुकीत ती तोंडाला रुमाल लावून चालली. ओळखीचं कोणी दिसलं की रुमाल वर सरकायचा.

आष्टीच्या समितीचे लक्ष्मणराव यांचा फोन नागसेनने घेतला. ते म्हणाले, "आमी तुमच्या बाईच्या आवाजासाठी कार्यक्रम देला, भाऊ. आता नाई म्हणान त मंडप कसा उतरवाव?"

मग दिपालीचं नाव निघालं. ती चोवीस वर्षांची, औषधांच्या दुकानात कामाला, पार्टीत मागे उभी राहून साथ देणारी. आवाज भरलेला, पण खालचा. सुकेशनी पाटीवर सूर लिहायची, मांडीवर ठेका द्यायची, आणि दिपाली गायची. पाच हाकांपाशी गाडी रोज अडायची.

"मावशी, मले इतलं वर नाई जमत. काळी तीनात घेऊ का?"

सुकेशनीने लिहिलं, 'नाही.' चार दिवस तेच. पाचव्या दिवशी दिपाली डोळे पुसत उठून जायला लागली, तेव्हा पाटीवर अक्षर उमटलं, 'घे.'

काळी तीनात ती हाक निराळीच झाली. सुकेशनीच्या गळ्यातून पटाचारा ओरडायची. दिपालीच्या गळ्यात तिचं ओरडून संपलेलं होतं, आणि तरी तिला बोलवायचंच होतं. कवडूकाकांनी वाजवता वाजवता पेटीचा भाता सोडून दिला. दिपालीने विचारलं, "कशी झाली, मावशी?"

'श्वास लवकर तोडतेस,' सुकेशनीने लिहिलं. ते खरंही होतं. त्या दिवशी सुकेशनी जेवली नाही.

बारा मे. आष्टीत सहा वाजता ऊन अजून मंडपाच्या कनातीवर होतं. हजारभर माणूस. सुकेशनी काकांच्या शेजारी झांज घेऊन बसली. पहिला तास दिपालीने छान सांभाळला. नदीचा प्रसंग आला. ढोलकी थांबली, आणि काकांचा अंगठा पेटीवर सरकला. अठरा वर्षं त्या जागी तो जिथे जायचा तिथेच, काळी पाचवर.

सुकेशनीने ते पाहिलं. काकांचा कोपर तिच्या कोपराला लागून होता. नुसतं दाबलं असतं तरी बास होतं. तिने हात हलवला नाही.

पहिली हाक दिपालीने कशीबशी घेतली. दुसरीला मान ताणली. तिसरीला आवाज फाटला आणि नुसती हवा आली. ती पाण्यात उभी असल्यासारखी हात वर करून राहिली. मंडपात कोणीतरी हसलं.

मग तिसरी हाक आली ती झांजेच्या बाजूने. चाळीस दिवस बंद असलेला आवाज स्वच्छ, सुईसारखा वर गेला. पुढच्या रांगेतल्या बायांनी तोंडाला पदर लावले. मागून कोणीतरी ओरडलं, "आली, आपली बाई आली!" सुकेशनी उभी राहिली. चौथी हाक लागली. पाचवीच्या मध्यावर गळ्यात काहीतरी गरम सुटलं आणि पुढे सूर नव्हता, श्वासही नीट नव्हता.

काकांनी तेवढ्यात भानावर येऊन पट्टी उतरवली. दिपालीने काळी तीनात पाचवी हाक पुन्हा घेतली आणि पुढचा पाऊण तास एकटीने शेवटपर्यंत नेला. हसणारं कोणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटे झाले. बिदागी नऊ हजार. गाडी आणि कपडे यांचे सव्वादोन हजार वजा जाता नऊ वाट्यांना साडेसातशे येत होते. काका पैसे हातात घेऊन थांबले. "मुख्य कोण धराव?"

दिपाली खाली पाहून म्हणाली, "मावशीच. चाल मावशीची हाय." सुकेशनीने दोन वाटे उचलले. निघताना काकांनी तिला दारात गाठलं.

"पोरी, माह्या बोटानं घात केला. म्हातारा झालो मी."

तिला पाटी मागून एक ओळ लिहिता आली असती. तिने मान हलवली आणि चपला घातल्या.

सावंगीला डॉक्टरांनी पुन्हा पडदा दाखवला. गळ्यातली उजवी पट्टी रक्त उतरून लाल झाली होती. आणखी अडीच महिने चुप्पीत गेले. ऑगस्टमध्ये ती बोलू लागली, पण घोगरं. अंगणवाडीतली पोरं आधी घाबरली, मग नक्कल करू लागली. गाताना मधल्या सुरांपर्यंत आवाज जातो. तिथून वर दार लागलेलं आहे, आणि ते उघडेल असं आता डॉक्टरही म्हणत नाहीत.

'पटाचारा'चे प्रयोग चालू आहेत. सगळ्या चाली सुकेशनीने काळी तीनात उतरवून दिल्या. काही जागा नव्याने बांधल्या, कारण दिपालीचा गळा तिथे दुसरंच काही मागत होता. काकांच्या पेटीवर काळी पाचवर, बोटाला खूण लागावी म्हणून, तिने स्वतःच्या हाताने चिकटपट्टी लावली. ती लावताना काका म्हणाले, "आता नाई चुकणार, पोरी." ती म्हणाली, "तुम्ही चुकले, ते मले दिसलं होतं, काका." त्यांना ऐकू आलं की नाही कोण जाणे, ते पेटीच पुसत राहिले.

दिपालीला ती हे सांगू शकलेली नाही. नव्या प्रयोगांत दोन वाटे दिपालीचे असतात आणि सुकेशनीला झांजेचा एक. आष्टीच्या कार्यक्रमाचा दुसरा वाटा, ७५० रुपये, सुकेशनीकडून दिपालीला अजून येणे आहे.