चतुराबाईची रेवडी

तेलगावात गुळाची रेवडी करावी ती चतुराबाईनंच. तिला ती सासूनं, भिमाबाईनं शिकवली. निजामाच्या काळात भिमाबाई एका हलवायाच्या अंगणात तीळ पाखडायला जायची. भट्टीजवळ तिला येऊ देत नसत. दारातून बघून बघून ती शिकली. पुढं छप्पन साली वस्तीनं बौद्ध धम्म घेतला, तेव्हा तिनं घरोघर आपल्या हातची रेवडी वाटली होती.

बहात्तरच्या दुष्काळात चतुराबाई खडी फोडायला गेली. तिथं धनगराची मनकर्णा तिच्या शेजारी बसायची. दोघी एकमेकींची भाकरी खायच्या. पुढं गावात बायकांची सहकारी संस्था निघाली, मनकर्णा तिची चेअरमन झाली आणि सगळ्यात आधी चतुराबाईकडंच आली.

"गूळ, तीळ संस्था देईल. तू घरी रेवडी कर, आमी बाजारात विकू."

चतुराबाई कामाला लागली. पाकाचा थेंब पाण्यात टाकला की कट्‌कन मोडला पाहिजे, तोवर ती गूळ आटवायची. मग तेल लावलेल्या परातीत ओतून, हाताला सोसेल इतका निवला की खुंटीला अडकवून ओढायची, दुमडायची, परत ओढायची. तांबडा गूळ पांढुरका होत जायचा. त्याचे तुकडे गरम तिळात घोळवायचे. तळवे भाजायचे, पण रेवडी कुडकुडीत व्हायची.

एकदा तीळ संपले म्हणून ती सिरसाळ्याच्या बाजारात गेली. संस्थेच्या दुकानाला गर्दी होती. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "कुणाच्या हातची हाय?"

"माझ्याच," मनकर्णा म्हणाली. "बिनघोर घ्या. आमच्यात भलत्या कुणाचा हात लागू देत न्हाई."

चतुराबाई तशीच माघारी फिरली. मनकर्णानं तिला पाहिलं होतं. दिवस मावळायला ती चतुराबाईच्या घरी आली.

"खरं सांगितलं असतं तर कुणी घेतली नसती, चतुरा."

"नाव लपवलंस, ते समजलं. पण ते भलत्या हाताचं कशाला बोललीस? ते तर कुणी इचारलं नव्हतं."

चतुराबाईनं संस्थेचा उरलेला गूळ तिच्या हवाली केला आणि काम सोडलं.

संस्थेतल्या बायकांनी स्वतः करून बघितलं, पण पाक दाताला चिकटायचा. चतुराबाई फाट्यावर टोपली घेऊन बसू लागली. कुणी विचारायच्या आधीच ती आपलं नाव, आपली वस्ती सांगायची. काही जण हातातली पुडी ठेवून जायचे, बाकीचे घ्यायचे.

मनकर्णा तिथूनच एसटीला जायची, पदर पुढं ओढून. एखाद दिवशी ती थांबेल असं चतुराबाईला बरीच वर्षं वाटत राहिलं. ती थांबली नाही.