नऊ वर्तुळं आणि बाबांची पूर्व

कावीळ झाली म्हणून मला बंगळूरहून सौंसरला घरी पाठवलं, तेव्हा माझ्या ट्रंकेत चार साड्या आणि अठरा फोटो होते. फोटो आभाळाचे होते. पांढऱ्या कागदावर तारे काळे उमटलेले. आईने पहिलाच फोटो उचलला, फुंकर मारून पाहिली आणि म्हणाली, "याच्यावरच्या माश्या उडूनच नाही राहिल्या."

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. आभाळातून क्ष-किरण सोडणाऱ्या प्रखर जागांच्या याद्या उपग्रहांनी दिल्या होत्या. पण उपग्रहाला जागा नेमकी सांगता येत नसे. तो म्हणणार, या एवढ्या वर्तुळात कुठेतरी. त्या वर्तुळात तारे पाच-पन्नास. त्यातला कोणता ते ओळखायचं आणि मग त्याची जात ठरवायची: एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे, ज्यातला मेलेला जिवंताला ओढून खातो, की जवळचाच एखादा तापट तारा, की फार दूरच्या दीर्घिकेचं पोट. मला असे नऊ स्रोत दिले होते. दरेकाचे दोन फोटो, एक निळ्या प्रकाशातला, एक लाल. जो ठिपका निळ्या फोटोत ठसठशीत आणि लालमध्ये बारीक, त्याच्यावर संशय घ्यायचा.

फेब्रुवारीत माझ्या मार्गदर्शक सरांना मोठ्या दुर्बिणीवर चार रात्री मिळाल्या होत्या. त्याआधी माझे नऊ तारे हातात आले तर त्यांतले काही पाहिले जाणार होते. नाही आले, तर दुसऱ्याची यादी जाणार होती. आणि माझ्या कामाबद्दल आधीच कुरकुर चालू होती, त्यामुळे मला पुढे संशोधनात ठेवायचं की नाही, हेही त्यावरच ठरणार होतं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, म्हणतात तसं झालं. उठून बसलं की घर फिरायचं. आई बिनहळदीचं फिकं वरण भरवायची आणि मी चिडचिड करायची. राग माझ्या नाकावर तेव्हाही असायचा, आताही असतो.

बाबा पटवारी होते. आजोबांनी लोकांच्या जमिनीवर मजुरीत जन्म काढला. बाबा तीच जमीन मोजणारे झाले. रामाकोन्यापासून बोरगावपर्यंत त्यांच्या रेघेला मान होता. दोन भाऊ शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, कुऱ्हाडी काढून उभे असले तरी बाबांनी नकाशा पसरला की गप्प बसायचे. एके दिवशी ते माझ्या खाटेशी बसले आणि फोटो न्याहाळत म्हणाले, "तू सांग, मी काढतो. मापाचंच काम आहे न?"

मी हसले. मग दुसरा उपाय नाही हे लक्षात आलं.

काम खरंच मापाचं होतं. फोटोच्या मधोमध एक ओळखीचा तारा खूण करून दिलेला. त्या ताऱ्यापासून स्रोत इतका उत्तरेला, इतका पूर्वेला, असे आकडे माझ्याकडे होते, कलांमध्ये. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. ट्रेसिंगचा कागद फोटोवर ठेवायचा, अंतर मोजायचं, तिथे वर्तुळ काढायचं. बाबांनी दप्तराचा बस्ता सोडला, परकार काढला, पितळी पट्टी पुसली.

"हे कला म्हणजे किती डिसमिल?" त्यांनी विचारलं.

"बाबा, तिथं एकर-डिसमिल नसते. फोटोवर पट्टीनं मोजा, मी सांगते किती मिलिमीटरची एक कला."

"आन उत्तर कोणीकडं?"

"वर."

त्यांनी ते एका वहीत लिहून घेतलं. पटवाऱ्याची सवय. कोणी काय सांगितलं ते सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहायचं.

तो पंधरवडा माझ्या आयुष्यातला फार गोड पंधरवडा होता, हे मला तेव्हा कळलं नाही. दुपारी बाबा तहसिलातून यायचे, हातपाय धुवायचे आणि माझ्या खाटेजवळ पाट घेऊन बसायचे. मी डोळे मिटून आकडे सांगायची, ते परकार उघडायचे. तारे जातीने वेगळे कसे ओळखायचे हे मी सांगत असे. ते म्हणाले, "म्हणजे प्रतवारीच झाली. काळी कोणती, मुरमाड कोणती, बरड कोणती." मी म्हटलं, तसंच. मग ते प्रत्येक वर्तुळाबद्दल विचारू लागले, "हे काळी असन का?" त्यांना सगळीकडे काळी जमीन निघावी असं वाटत होतं.

वर्तुळं झाल्यावर मी एकेक फोटो तोंडासमोर धरून तारा निवडला. वर्तुळात कोणता ना कोणता तारा सापडतोच. आभाळात ताऱ्यांची टंचाई नाही. पण निळा म्हणावा असा एकही निघेना. नऊपैकी एकातही नाही. इथे मला शंका यायला हवी होती. मी मनाची समजूत घातली, त्यातल्या त्यात बरे तारे यादीत लिहिले, फोटो, ट्रेसिंग आणि यादी एका पुडक्यात बांधून रजिस्टर्ड टपालाने पाठवायला सांगितली. बाबांनी त्याआधी नऊही कागदांची नक्कल करून बस्त्यात ठेवली. नक्कल ठेवल्याशिवाय पटवारी नकाशा हातचा सोडत नाही.

पुडकं जाऊन दोन दिवस झाले असतील. संध्याकाळी बाबांनी अंगणात खाट टाकली. आपण काढलेलं आभाळात कोणत्या अंगाला आहे, ते त्यांना पाहायचं होतं. उत्तर वर पाहिजे म्हणून त्यांनी डोकं उत्तरेला केलं.

आई आतून ओरडली, "उत्तरेला डोकं करून निजते का कोणी? भलतंसलतं."

"आपण कुठं मानतो ते?" बाबा म्हणाले.

"मानत नाही, पण निजतही नाही." हे मात्र खरं होतं. घरात बुद्धाची तसबीर लागून तीस वर्षं झाली होती, तरी खाटा पूर्व-पश्चिमच पडत.

बाबांनी नकलेचा कागद दोन्ही हातांनी तोंडावर धरला. मी दारात बसले होते. मग त्यांनी मान वळवून उजवीकडे पाहिलं. कागदावर उजव्या अंगाला त्यांच्या वळणदार अक्षरात 'पू' लिहिलेलं होतं, आणि त्या बाजूला शेजाऱ्याच्या गोठ्यामागे सूर्य मावळत होता.

ते उठून माझ्याजवळ आले. "माय, चुकलं. जमीन आपण वरून पाह्यतो. आभाळ खालून पाह्यतो. पूर्व डावीकडं पाह्यजे होती."

आभाळाच्या नकाशात पूर्व डावीकडे असते हे मला इतकं पाठ होतं की सांगायचं असतं हेच मी विसरले होते. नऊच्या नऊ वर्तुळं भलत्या जागी होती. फोटो माझ्याकडे नव्हते. आणि जिभेला हाड नसतं.

"पंचवीस वर्सं जमीन मोजली तुम्ही," मी म्हणाले, "आन पूर्व नाही समजत?"

बाबांनी कागदाची घडी घातली. आईने माझ्याकडे असं पाहिलं की तिची ती नजर मला अजून बोचते.

मी भिंतीकडे तोंड करून पडले. तिथे पडल्यापडल्या कधीतरी सुचलं की काखेत कळसा अन् गावाला वळसा. ट्रेसिंगचा कागद दोन्हीकडून दिसतो. तो नुसता पालथा केला की पूर्वेचं पश्चिमेला जातं, उत्तर वरच राहते, अंतरात काही फरक पडत नाही. मी उठून कागदावर इंग्रजीत दोन वाक्यं लिहिली: सगळे ट्रेसिंग पालथे घालून फोटोवर ठेवावेत. यादी रद्द समजावी. सौंसरची तार दोन दिवस बंद होती. सकाळच्या पहिल्या बसने बाबा पांढुर्ण्याला गेले, संध्याकाळी परत आले. पिशवीत माझ्यासाठी संत्री होती.

"गेली तार," एवढंच म्हणाले. मी त्यांची माफी मागितली नाही. संत्री मात्र खाल्ली.

मार्चमध्ये मी परत गेले. सरांनी टेबलावर एक फोटो ठेवला, त्यावर बाबांचा कागद पालथा घातला. 'पू' हे अक्षर आता उलटं, डावीकडे होतं. वर्तुळाच्या आत, जवळजवळ मधोमध, एक बारीक ठिपका होता. निळ्यात ठसठशीत, लालमध्ये नावापुरता. नऊपैकी सहांत असा ठिपका निघाला होता. तीन दुर्बिणीतून पाहून झाले होते आणि त्यातला एक जोडतारा ठरला होता. यादीवर माझं नाव होतं.

"ही मापं कोणी काढली?" सरांनी विचारलं. "इतकी नेमकी आमच्या इथे कुणाची येत नाहीत." मग त्यांनी खणातून तार काढून माझ्यापुढे ठेवली.

माझी दोन वाक्यं होती. त्यांच्याखाली आणखी तीन होती, बहुतेक पांढुर्ण्याच्या तारबाबूकडून इंग्रजी करून घेतलेली: चूक वडिलांची आहे. मुलगी आजारी होती. तिचं नाव कापू नये.

मी सरांसमोरच रडले. त्यांनी खिडकी उघडली आणि बाहेर पाहत उभे राहिले.

मे महिन्यात घरी गेले तेव्हा बाबा ओसरीवर बस्ता बांधत होते. मी म्हटलं, "बाबा, चूक माही होती. पूर्व कोणीकडं ते मी सांगितलंच नव्हतं."

"मले मालूम आहे," ते म्हणाले. वही काढून त्यांनी ते पान दाखवलं. तारीख, वेळ, 'उत्तर कोणीकडं' आणि माझ्या तोंडचा एकच शब्द: वर. पूर्वेबद्दल काही नाही. खाली त्यांची सही.

"मंग तारेत तसं कायले लिवलं?"

"रेघ माह्या हातची होती न," बाबा म्हणाले आणि बस्त्याची गाठ आवळू लागले. ती नीट बसेना, म्हणून मी गाठीवर बोट ठेवलं.