मिलिंदला माझी हाक ऐकू येत नाही

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी वडवणीला शाळेत विज्ञान शिकवते. आमचं घर बौद्ध. भूतखेत, अंगात येणं हे सगळं आजोबांनी धर्मांतर केलं त्याच दिवशी उंबऱ्याबाहेर काढलं. या ग्रुपवर लोकांना दिसणाऱ्या पांढऱ्या साडीतल्या बायांच्या गोष्टी मी चहाबरोबर चवीनं वाचायचे आणि हसायचे. आता तुम्ही हसा माझ्यावर...

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माहेरी होते, शिरूर कासारजवळच्या आमच्या गावी. सकाळी नऊच्या सुमारास माझा धाकटा भाऊ मिलिंद कडब्याची पेंडी उचलायला गेला आणि त्याला साप चावला. बायांनी लगेच त्याच्या तोंडात कडुलिंबाचा पाला कोंबला. "कडू लागतंय का रं?" कडू लागला तर विष चढलं नाही, असं आमच्याकडे मानतात. तो म्हणाला, "न्हाई लागत." झालं, निम्मं गाव म्हणालं मांत्रिकाकडे न्या. मी सगळ्यांशी भांडले आणि शेजाऱ्यांच्या जीपमधून त्याला बीडला घेऊन निघाले. तेवढं एक मी बरोबर केलं.

त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. पापण्या जड होऊन मिटायला लागल्या. पुढे बसलेले आमचे चुलते, तात्या, मागे वळून म्हणाले, "आक्के, त्याला झोपू देऊ नको. नावानं हाका मारत ऱ्हा. नाव ऐकू येतंय तवर माणूस जात न्हाई."

मला हे पटलं नव्हतं. पण हाका मारल्यानं काय बिघडणार? मारत राहिले. मिलिंद... मिलिंद... मिलिंद... तासभर तरी, श्वासासारखं. आणि मधेच कुठेतरी तो शब्द माझ्या तोंडात परका झाला. कुणाचं नाव आहे हे? याला काय अर्थ आहे? मांडीवर भाऊ होता, ओठांवर नुसता आवाज होता, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध राहिला नव्हता. मी घाबरले. घाबरून गप्प झाले... दहा सेकंद असेल. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्या शांततेत त्यानं डोळे किलकिले केले. जीभ जड झाली होती. "आक्का... मगाधरनं कोणाला हाका मारायलीस?"

बीडला इंजेक्शनं मिळाली, तो वाचला. आठवड्यानं घरी आला. आईनं "मिलिंद, जेवायला ये" म्हटलं की येतो. तात्यांनी बोलावलं की ओ देतो. मी बोलावलं की नाही. कान तपासले, ठणठणीत आहेत. कशासाठी ते न सांगता मोबाइलवर माझा आवाज रेकॉर्ड करून ऐकवला. काय ऐकलंस विचारलं, तर बाकीचं वाक्य नीट म्हणून दाखवतो, नावाच्या जागी काहीच नसतं. आणि खरं सांगू? मलाही ते नाव तोंडात घेताना अजून परकंच लागतं.

मी वाचलंय याबद्दल. एकच शब्द सारखा म्हटला की मेंदू थकतो, ओळखीचा शब्द अनोळखी वाटतो, थोड्या वेळानं सगळं जागेवर येतं. वर्गात मुलांना करूनही दाखवायचे मी, 'भाकरी' शब्दावर. मुलं खिदळायची. त्यांची भाकरी दोन मिनिटांत परत यायची. माझा भाऊ तीन वर्षं झाली तरी आलेला नाही. कावून? का झालं असं, ते मला ठाऊक नाही, आणि कधी कळेल असं आता वाटतही नाही.

गेल्या महिन्यात माहेरी घरासमोर उसाचा ट्रॅक्टर मागे येत होता आणि मिलिंद पाठमोरा फोनवर बोलत उभा होता. मी ओट्यावरून जीव तोडून नावानं ओरडले. तीनदा. तो हलला नाही. तात्यांनी दंड धरून त्याला ओढलं.

मी ओट्यावरच खाली बसले. तो जवळ आला, शेजारी टेकला आणि जरा रुसल्यासारखं म्हणाला, "आक्का, एक इचारू? दवाखान्यातनं आल्यापासून तू मला नावानं कावून हाक मारत न्हाईस?"