माह्या थायरॉइडची गोळी अन वेगळं ताट

"हायपरथायरॉइड आहे," डॉक्टर म्हनले, अन मले हसूच आलं! मंजे गळ्यातली ग्रंथी नुसती धावून राह्यली. तरीच छाती धडधडे, हात थरथरे, अन खाऊन खाऊन मी वाळतच होती.

औषधानं जमलं नाई. मंग अकोल्यात रेडिओआयोडीन देलं. मंजे किरणायची गोळी, ते ग्रंथीलेच जाळते. काई दिवस आपल्याही अंगातून थोडी किरणं निंगतात. डॉक्टरनं मले एकटीलेच आत बोलावून सांगतलं, "गरोदर बाईपासून तीन आठवडे लांब राहा. मग काही नाही."

अन घरी, अनसिंगले, ताई बाळंतपनाले आलेली! मंग मी गोठ्याजवळच्या खोलीत राह्यली. ताट वेगळं, तेही मीच मांगतलं. ताई दुरून ओरडे, "काय वं, अंधारात चमकतं का?" लय हासो आमी.

तीन आठवडे झाले. मी ताट घेऊन उड्या मारत सयपाकघरात गेली, तं आई म्हने, "तिकडंच थांब."

ताईनं माह्या मांगं वाशिमच्या दुसऱ्या डॉक्टरले विचारलं होतं. ते म्हनले, "इतक्या कमी किरणांनी काही होत नाही असं बरेच जण म्हणतात. काही म्हणतात, धोका शून्य कधीच नसतो. जमलं तर लांब ठेवा."

मी अकोल्याले फोन लावला, स्पीकरवर. "आता काळजीचं कारण नाही," डॉक्टर म्हनले.

ताई म्हने, "ते तं तुयाच बाजूनं बोलतीन."

माही सख्खी ताई!

डोहाळजेवनाले अंगनात पंगत बसली. मी खोलीच्या उंबऱ्यावर. आईनं माह्या ताटात वरूनच वरन सोडलं, हात लागू नये म्हनून.

बाबा पंगतीतून उठले. "माह्या आज्याले गावात असंच वरून पानी वाढत. धम्म घेतला तो हे घरात आनाले का?" अन माह्याच ताटात जेवाले बसले. दुसरं कोनी उठलं नाई.

दुसऱ्या दिवशी मी मंगरूळपीरले आत्याकडं निंगून आली.

डॉक्टरायचा वाद मले समजते. पुरं कोनालेच माहीत नाई, ठीक हाय. पन मी विचाराले सामने उभी असताना माह्या मांगं काहून विचारलं? तुमाले ही गोळी घ्याची असन तं घरच्यायले संग आत न्या. त्यायच्या कानानं ऐकू द्या.

माहे रिपोर्ट आता नॉर्मल हायेत. ताईले धडधाकट पोरगी झाली. काल तिचा फोन आला, "ये नं वं मावशी, घे लेकीले."

मी म्हटलं, "वाशिमच्या डॉक्टरले विचारलं का?"



जाईन मी. लेकरानं काय केलं? पन तिथं जेवीन ते बाबाच्याच ताटात.