पोट माझं, विचारा मला

पुसेगावच्या संध्याचे कान नवव्या वर्षी तापात गेले, ते कायमचेच. बोलणं मात्र राहिलं. समोरच्याच्या ओठांवरून ती शब्द ओळखायची. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज तीच शिवायची. तिला काही कळत नाही, असं गावात कुणी म्हणालं नसतं.

पहिल्या गरोदरपणात सहाव्या महिन्यात तिचे पाय सुजायला लागले, डोकं ठणकायला लागलं. पुढच्या तपासणीआधी तिनं सगळं वहीत लिहिलं: सूज कधीपासून, डोकं किती वेळा दुखतं, शिलाई मशीन चालवू का. रिपोर्ट तारखेवार लावले आणि सासू भागूबाईंना घेऊन ती हिंगोलीच्या एका खाजगी दवाखान्यात गेली.

डॉक्टरांच्या तोंडावर मास्क होता.

"मास्क जरा खाली घ्या, डॉक्टर. मला ओठांवरून कळतं," म्हणत संध्यानं वही पुढे केली.

त्यांनी वही न बघताच बाजूला सारली आणि भागूबाईंकडे वळून विचारपूस सुरू केली. पाच मिनिटांत दोघी बाहेर.

"काय विचारलं?" संध्यानं विचारलं.

"डोकं-बिकं दुखतं का म्हणले. मी न्हाई म्हणलं."

"रोज फुटून राहिलंय माझं डोकं, आत्याबाई!"

भागूबाईंचा चेहरा उतरला. "तू कधी बोललीच न्हाईस, माय. मला काय ठाव?"

संध्यानं कागद पाहिला. नर्सनं रक्तदाब लिहिला होता, एकशे चाळीस-नव्वद. मागच्या खेपेला तो एकशे दहा-सत्तर होता. त्यावर कुणी चकार शब्द काढला नव्हता. ती तशीच परत आत शिरली, भागूबाई मागोमाग आल्या, आणि तिनं वही टेबलावर आपटली.

"पोट माझं हाय, डोकं माझं दुखतंय. मग मला काहून विचारत न्हाई?"

डॉक्टर मास्कआडून भागूबाईंना काहीतरी म्हणाले. भागूबाई एकदम ताठ झाल्या. संध्याला दिसेल असं तोंड करून त्यांनी सांगितलं, "पुढच्या बारीला शहाणं माणूस सोबत आणा म्हणला. म्हंजी मी बी येडी अन तू बी येडी! चल इथून."

त्याच दुपारी दोघी सरकारी दवाखान्यात गेल्या. केसपेपर काढण्याआधीच संध्यानं सिस्टरला विचारलं, "माझ्याशी कोण बोलणार? न्हाई कळलं तर लिहून देणार का?"

कोमल सिस्टरनं मास्क हनुवटीखाली ओढला. "मी बोलते. बस." तिनं वही पहिल्या पानापासून वाचली, रक्तदाब पुन्हा मोजला, लघवी तपासायला पाठवली आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. त्याच दिवशी रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या. दर आठवड्याला ये, असं त्यांनी वहीतच लिहून दिलं. आठव्या महिन्यात सिस्टरनं खुणाही ठरवल्या: उघडा पंजा म्हणजे जोर लाव, मूठ म्हणजे थांब.

त्या पंजाकडे बघतच संध्यानं मुलीला जन्म दिला.

लेकरू दीड महिन्याचं झाल्यावर तिनं त्या खाजगी डॉक्टरांना पत्र लिहिलं. काय घडलं, वाढलेल्या रक्तदाबानं तिच्या आणि बाळाच्या जिवावर कसं बेतलं असतं, सगळं तारखांसकट. पत्राचं उत्तर आलं नाही. तिचा नवरा रत्नपाल याला मात्र तिथल्या कंपाउंडरचा फोन आला, "बायकोला जरा समजवा."

"तिला लिहून पाठवा. तिला वाचता येतं," रत्नपाल म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

संध्या तेव्हा दुसरं पत्र लिहीत होती, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावानं.