आत्याबाईंचं लुगडं आणि आषाढाचं वारं

चहा आधी संपवून घ्या बरं का! ऐकताना हसू आलं तर ठसका लागेल, आणि मग म्हणाल, म्हातारीनं जीव घेतला. माझ्या जन्मात फजित्या थोड्या झाल्या नाहीत. पण भूमच्या भर बाजारात, निम्म्या गावादेखत झाली ती एकच. आणि तीसुद्धा कशापायी? तर वाऱ्यापायी!

हसताय? तुम्ही भूमचं आषाढातलं वारं खाल्लेलं नाही, म्हणून हसताय.

मी मूळची उमरग्याची. निजामाचं राज्य होतं, तिकडं कुठंतरी मोठी लढाई चाललेली, आणि इकडं माझं लग्न होऊन मी भूमला नांदायला आले. सासऱ्यांचं बाजारात किराणा दुकान, दुकानामागं घर, घरावर मातीचं सपाट माळवद. माणसं म्हणाल तर सोनं! सासरे मामंजी इतके गरीब, की गुळावरची माशीसुद्धा ‘जा बाई’ म्हणून हाकलायचे. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. आवाज मोठा, पण मन लोण्याचं. आणि आमचे हे? ह्यांना बोलायलाच यायचं नाही, असं मला पहिले दोन महिने वाटत होतं.

मग आषाढ लागला.

पावसाचा थेंब नाही आणि वारं असलं सुटलं, की बास! सकाळी सुरू झालं की दिवे लागेपर्यंत घूंऽऽ घूंऽऽ. पत्रे वाजतायत, दारं आपटतायत, डोळ्यात माती, दातात माती, भाकरीत माती. आणि दोन दिवसांत काय झालं म्हणता? सगळं गावच बदललं! शेजारच्या दोघी जावा, एका ताटात जेवणाऱ्या, एकमेकींच्या झिंज्या धरायला उठल्या. का? तर हिच्या अंगणातला पाला तिच्या अंगणात गेला. आता पाला काय हिनं सांगून पाठवला होता?

आमच्या घरात तर विचारू नका. मामंजींचा तराजू वाऱ्यानं झुलायचा. माप घालायच्या आधीच पारडं खाली! गिऱ्हाईक म्हणायचं, “शेटजी, हे काय वजन झालं?” आणि मामंजी, ते माशीला जा बाई म्हणणारे मामंजी, ओरडायचे, “मग वाऱ्याला जाऊन विचार की! मला काय विचारतूस?” आमचे हे आधीच मुके, ते आता भिंतीकडं तोंड करून बसायचे.

आणि मी? माझं उलटंच! वासरात वारं भरतं की नाही, शेपूट वर करून उधळतं, तसं माझं व्हायचं. अंगात नुसती फुरफुर. भांडी आपटावीत, मोठ्यानं बोलावं, कुणीतरी काहीतरी म्हणावं आणि आपण फाडकन उत्तर द्यावं, असं वाटायचं. पण नवी सून! फाडकन कुणाला देणार? सगळं पोटात साठत होतं.

त्या दिवशी सकाळी मी चूल पेटवली आणि वाऱ्याचा असा झोत आला, की चुलीतली सगळी राख आमटीत. आत्याबाई म्हणाल्या, “आगं, उमरग्याला काय वाऱ्याकडं तोंड करून चूल मांडत्यात व्हय?”

झालं! मला काय म्हणायचं ते म्हणा, पण माझ्या उमरग्याला? डोळ्यांत पाणी आलं. ते धुरानं की रागानं, मला अजून कळलेलं नाही.

थोड्या वेळानं आत्याबाई वाळलेलं धुणं काढायला माळवदावर गेल्या. मी खाली अंगणात भांडी घासत होते. एकाएकी वरून ओरडा आला. मी मान वर केली, तर आत्याबाई माळवदाच्या कडेला उभ्या. केस सुटलेले, पदर वाऱ्यावर, तोंड लालभडक, एका हातानं डोळे पुसतायत आणि दुसरा हात थेट दाराकडं! आणि वाऱ्याच्या त्या घुंघुंमधून शब्द आले:

“माहेरी जा! लुगडं घेऊन जा!”

माझ्या हातातलं पातेलं गळून पडलं. आमटीत राख पडली म्हणून माहेरी?

“काय म्हणालात?” मी ओरडले.

“आगं जा म्हंते न्हवं! लुगडं घेऊन... लवकर!”

“खरंच जाऊ?”

“मग काय मुहूर्त काढू? पळ!”

आता तुम्हीच सांगा, आणखी काय ऐकायचं राहिलं होतं? पोटात साठलेलं वारं एकदम डोक्यात गेलं. मी कमरेवर हात ठेवून ओरडले, “जाते! आत्ताच जाते!”

आणि आत्याबाईंनी वरून काय करावं? जोरजोरात मान हलवली! “व्हय व्हय, पळ पळ!”

मी घरात शिरले. लुगडी, चोळ्या, फणी, सगळं गाठोड्यात कोंबलं आणि मागच्या दारानं तरातरा निघाले. दुकानात नवरा होता, पण भिंतीकडं तोंड करून बसलेल्या माणसाला काय सांगायचं?

वेशीजवळ लिंबाखाली उस्मानाबादची मोटार उभी होती. तिथून पुढं उमरग्याची दुसरी धरायची, एवढं मला ठाऊक होतं. लढाईपायी पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारीच्या मागं कोळशाची भट्टी बसवलेली. कोळसे पेटायचे, त्याचा गॅस व्हायचा, मग गाडी हलायची. पण त्या वाऱ्यात कोळसे नीट पेटतील तर शपथ! ड्रायव्हर चांदपाशा भट्टी फुंकत होता आणि सगळा धूर त्याच्याच तोंडात. हातात मोटार फिरवून सुरू करायचं लोखंडी हँडल, डोळे कोळशासारखे लाल, आणि वाऱ्याला दख्खनीत अशा शिव्या देत होता, की मी पदर कानावर घेतला.

आत तर युद्धच चालू! रजेवर निघालेला एक मिशाळ पोलीस जवान खिडकीचा कॅनव्हासचा पडदा खाली ओढत होता आणि एक काटकुळे मास्तर तो वर ओढत होते.

“धूळ येती, मास्तर!”

“श्वास कोंडतो, जवान!”

“येऊ दे की खाली!”

“जाऊ द्या की वर!”

एक म्हातारी कोंबड्यांची पाटी मांडीवर घेऊन दोघांनाही शिव्या घालत होती. मी तिच्याशेजारी गाठोडं टाकलं आणि भोकाड पसरलं.

“काय झालं गं लेकी?”

“सासूनं माळवदावरून ओरडून माहेरी जा म्हटलं! लुगडी घेऊन!”

“कशापायी?”

“आमटीत राख पडली म्हणून!”

“आरं द्येवा!” म्हातारी किंचाळली. “ऐकलं का रं, राखंपायी सुनंला घराभाईर काढली!”

जवानानं पडदा सोडला. मागं वळून म्हणाला, “सुनेच्या तोंडाला राख फासून बाहेर काढली!” मास्तर मागच्या बाकाला म्हणाले, “काय जमाना आला, माळवदावरून हाकलून दिली म्हणे!” आणि मोटारीच्या शेपटापर्यंत जाईस्तोवर मला माळवदावरून खाली ढकललेलं होतं!

मी ‘नाही हो, तसं नाही’ म्हणायला पाहिजे होतं की नाही? पण खरं सांगू? इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या बाजूनं कुणीतरी बोलत होतं, आणि एकदम सगळी मोटार! मी नुसती मोठ्यानं हुंदके देत राहिले.

चांदपाशानं खिडकीतून डोकं आत घातलं. “कायकू रोरई बेटी?”

म्हातारीनं सांगितलं. त्यानं हँडल उंच धरलं आणि गरजला, “ऐसा कैसा निकाले घर से? गाडी नै चलती, तो अपन चलिंगे! चलो रे सब!”

झालं! सकाळपासून एकमेकांवर तापलेली माणसं, त्यांना राग काढायला एकच तोंड सापडलं. सगळे धडाधड खाली उतरले. पुढं हँडल घेऊन चांदपाशा, मागं जवान, मग काखेत पाटी मारून म्हातारी, मग मास्तर आणि उरलेली सगळी मोटार. वाऱ्यानं जवानाचा फेटा उडवला, तो तसाच मागं फरफटत चाललेला. “कुठं निघालं हो?” म्हणत बाजारातली माणसं सामील होत होती. त्या दोन्ही जावासुद्धा आल्या, एकमेकींचे हात धरून! मी मधोमध, गाठोडं छातीशी. लग्नाच्या वरातीतसुद्धा माझा एवढा थाट झाला नव्हता हो!

दुकानासमोर सगळे थांबले.

“शेट, बाहेर या!” जवान ओरडला.

मामंजी तराजू हातात धरूनच बाहेर आले. एवढी गर्दी बघून त्यांना वाटलं, सगळं गाव वजनाच्या भांडणाला आलं!

“आरं, माप खरं हाय माझं! शंभूमहादेवाची आण! वाऱ्यानं हलतंय ते!”

“वजनाचं न्हाय हो, सुनंचं बोलतोय आम्ही!” म्हातारी म्हणाली.

“सुनंचं वजन?” मामंजी घाबरे झाले. “मी कुठं सुनंचं वजन केलं?”

आमचे हे भिंतीकडून तोंड वळवून दारात आले. मला बघितलं, गाठोडं बघितलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदा चारचौघांत बोलले, “तू तिकडं काय करायलीस?”

मी बाणेदारपणे म्हणाले, “विचारा तुमच्या आईला!”

“बोलवा तिला! बोलवा सासूला!” सगळे ओरडले.

आणि तेवढ्यात गर्दीच्या मागनंच आत्याबाईंचा आवाज आला, “सरका! सरका बाजूला! काय झालंय माझ्या दारात?”

लोकांनी वाट दिली. आत्याबाई धापा टाकत पुढं आल्या. केसात काटक्या, हातावर ओरखडे, आणि खांद्यावर बाभळीच्या काट्यांनी चिंध्या झालेलं त्यांचं जरीकाठी लुगडं. मला बघितलं आणि त्यांचा बांध फुटला.

“आगं, कुठं उलथली हुतीस? माळवदावरनं गळा फोडून सांगितलं, बाहेर जा! लुगडं उडालं, लुगडं घेऊन ये! तू जाते जाते म्हनलीस आणि गेलीस कुठं? सबंध बाजार पळाले त्याच्यामागं! मी सोता बाभळीवर चढले, ह्या वयात!”

बाहेर जा. घेऊन ये.

नुसतं वारं घुंघुं करत होतं. आणि मग एवढ्या माणसांच्या माना, एकदम, सावकाश, माझ्याकडं वळल्या.

“बाहेर?” चांदपाशानं हँडल खाली केलं.

“बाहेर!” म्हातारी म्हणाली.

“बाहेर... बाहेर... बाहेर जा म्हटलं होतं...” मागं मागं शब्द जात राहिला. आणि नवल बघा, ह्या खेपेला वाऱ्यानं त्यातलं एक अक्षरसुद्धा इकडचं तिकडं केलं नाही!

“आणि माळवदावरून ढकललं ते?” मास्तरांनी विचारलं.

“कुणी ढकललं?” आत्याबाई किंचाळल्या.

मला वाटलं, आता एक जोराचा झोत यावा आणि ह्या गाठोड्यासकट मला उचलून थेट उमरग्याला नेऊन टाकावं.

पण सांगितलं ना, माणूस लोण्याचं! आत्याबाईंनी माझ्या गाठोड्याकडं बघितलं, माझ्या रडक्या तोंडाकडं बघितलं, हातातल्या चिंध्यांकडं बघितलं, आणि असल्या हसत सुटल्या, की दाराची चौकट धरून खालीच बसल्या. मग मामंजी हसले. मग सगळा बाजार हसला. आमचे हेसुद्धा हसले, आणि ह्यांना एवढे पांढरे दात आहेत हे मला तेव्हा कळलं. चांदपाशा हसता हसता कपाळाला हात लावून म्हणाला, “मेरे कोयले बुझ गए रे!” आणि मोटारीकडं पळाला.

आत्याबाईंनी सगळ्या प्रवाशांना मागच्या अंगणात, भिंतीच्या आडोशाला बसवलं आणि गुळाचा चहा केला. तिथं वारं लागत नव्हतं. काय सांगावं, माणसं अशी गोड झाली! जवान मास्तरांना म्हणाला, “पडदा वरच राहू द्या.” मास्तर म्हणाले, “छे छे, खालीच बरा.” म्हातारीनं जाताना आत्याबाईंना एक अंडं दिलं आणि माझ्याकडं बघून त्यांच्या कानात काहीतरी कुजबुजली. काय, ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही.

मिटलं असं वाटलं ना? मलाही वाटलं. पण मोटार गेली उस्मानाबादला, आणि मोटारीबरोबर गेली माझी कहाणी. मधेच उतरलेले काहीजण अर्धीच घेऊन गेले. गावोगाव फुगत फुगत ती उमरग्याला पोचली, तोवर माझे दोन्ही पाय मोडले होते!

दोन-चार दिवसांनी दुपारी माझे वडील आणि चुलते दारात हजर. वडिलांचा फेटा सुटलेला, हातात काठी, आवाज सातव्या आस्मानात. “कुठं हाय माझी लेक? तिचे पाय बघू द्या मला!”

आवाज ऐकून मी माळवदावरून धाडधाड पायऱ्या उतरत धावत आले. वडिलांनी माझे पाय बघितले. एकदा. मग परत बघितले. मग हातातली काठी हळूच भिंतीला टेकवली.

आत्याबाईंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. आणि सांगताना माझ्यावर काही म्हणून येऊ दिलं नाही! “पोरीचा काय बी दोष न्हाय, पावणं. आमच्या हितलं वारंच लई वंगाळ. ह्या वाऱ्यात चांगल्या चांगल्या मानसाचं डोस्कं फिरतं. ती तर नवी पोर.”

मी लगेच मान खाली घालून, एकदम सोज्वळ तोंड करून उभी राहिले.

वडील उठले, आत्याबाईंपुढं हात जोडले आणि म्हणाले, “विहीणबाई, तुमचं मन लई मोठं. पर खोटं कशाला बोलू? आमच्या उमरग्याला झाडाचं पान हालत नसायचं, तवाबी ही अशीच हुती!”