आमच्या साडूंची लिफ्ट

जगातल्या प्रत्येक वस्तूला एक वरची बाजू असते आणि माणसं साधारणपणे तिच्याकडेच पाहतात, ही गोष्ट ज्यांना आजवर कुणी सांगितलेलीच नाही असे माझ्या ओळखीतले एकमेव गृहस्थ म्हणजे आमचे साडू. ते सगळं खालून पाहतात. आमच्याकडे नवीन सोफा आला तेव्हा बाकीचे पाहुणे सोफ्यावर बसले आणि साडू सोफ्याखाली गेले. पाच मिनिटांनी तिथून नुसता आवाज आला, "साडूभाऊ, मागचा डावा पाय सुताराने घाईत बसवलाय." सगळे हसले, मीही हसलो. चार महिन्यांनी त्या पायाने दगा दिला तेव्हा सोफ्यावर मीच होतो. भाचीच्या साखरपुड्यात नवरा-नवरी स्टेजवर अंगठ्या घालत होते आणि हे स्टेजच्या झालरीत डोकं खुपसून नटबोल्ट बघत होते. त्या अल्बममधल्या निम्म्या फोटोंत, खाली कोपऱ्यात, झालरीतून बाहेर आलेले दोन पाय आहेत. व्याह्यांनी ते कुणाचे म्हणून विचारलं तेव्हा आमच्याकडच्या सगळ्यांनी एकमताने 'डेकोरेशनवाल्याचे' असं सांगितलं.

अर्थात याला कारण आहे. चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत साडूंनी सव्वीस वर्षं काढली, ती खड्ड्यात. हे मी अलंकारिक बोलत नाही. जोडून तयार झालेली गाडी लाइनच्या शेवटी एका लांबलचक खड्ड्यावरून सरकते, आणि खड्ड्यात उभा असलेला माणूस मान वर करून तिचं पोट तपासतो. बोल्ट घट्ट आहेत का, नळ्या नीट बसल्यात का, कुठे काही गळतंय का. सगळं ठीक असलं की पिवळ्या पेंट मार्करने बोल्टवर एक रेघ ओढायची आणि पुढच्या गाडीची वाट बघायची. सव्वीस वर्षं गाड्यांची पोटं पाहिल्यामुळे साडू गाडी ओळखतात तीही पोटावरून. वरून त्यांना सगळ्या गाड्या सारख्याच वाटतात. एका लग्नाहून निघताना ते कार्यालयाच्या पार्किंगमध्ये एकेक गाडीखाली वाकून बघत चालले होते. वॉचमनने हटकलं, "ओ काका, काय शोधताय?"

"माझी गाडी."

"गाडी खाली असती व्हय?"

यावर साडूंनी त्याला खालून पाहण्याचे फायदे समजावून सांगायला सुरुवात केली आणि आम्हाला घरी पोचायला उशीर झाला. या खालून पाहण्याचा एकच तोटा ते मान्य करतात : डावं-उजवं उलटतं. त्यांना रस्ता विचारू नये. देहूला निघालेले आम्ही एकदा त्यांच्या सांगण्यावरून वळत वळत आळंदीला पोचलो. "नदी तीच आहे," साडू म्हणाले आणि शांतपणे चपला काढून घाटावर गेले.

दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि त्याच सुमाराला गुडघ्यांनीही राजीनामा दिला. डॉक्टरांनी सांगितलं, उकिडवं बसायचं नाही, जमिनीवर लोळायचं नाही. दुसऱ्या कुणी ही सूचना आनंदाने मानली असती. साडूंची मात्र जगाकडे बघायची खिडकीच बंद झाली. त्यातच त्यांनी कुठूनशी एक जुनी, दोन मालकांच्या हातून गेलेली गाडी आणली होती. ती त्यांच्याच कंपनीची, त्यांच्याच काळातली. संत तुकाराम नगरातल्या त्यांच्या घराच्या पार्किंगमध्ये ती उभी असायची आणि हे समोर खुर्ची टाकून तिच्याकडे हताशपणे बघत बसायचे. एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "साडूभाऊ, माणूस खाली जाऊ शकत नसेल तर काय करायचं? गाडी वर न्यायची. आपण घरी लिफ्ट बसवतोय. गॅरेजात असते तशी. या."

या 'आपण'मध्ये मी कसा आलो ते मला आजही कळलेलं नाही. मी स्कूटर चालवतो. तिच्यात हवा भरायची असली तरी मी बायकोला विचारतो. पण साडूंना मताला दुसरा माणूस लागतो. कंपनीत एकट्याच्या सहीने काही होत नसे, अशी त्यांची शिस्त. तर मी गेलो, आणि पुढचे तीन महिने माझ्या डोक्याचा जो काला झाला तो अजून निवळलेला नाही. गाडी उचलायची लिफ्ट तीन प्रकारची असते, एवढं मी आता झोपेतही सांगेन : दोन खांबांची, चार खांबांची आणि कात्रीसारखी खालून उघडणारी. दोन खांबांची जागा कमी घेते, पण तिचे खांब जमिनीत खोल बोल्ट मारून रोवावे लागतात. चार खांबांची आपापली उभी राहते, पण गाडी तिच्या दोन फळ्यांवर चढते आणि फळ्या नेमकं हवं तेच झाकतात. कात्रीची दिसायला देखणी, पण गाडीच्या पोटाखाली माणसाच्या आधी कात्रीच उभी. पहिल्या रविवारी दोन खांब ठरले. दुसऱ्या रविवारी चार. तिसऱ्या रविवारी मी घरून चार खांबांची तयारी करून गेलो तर तिथे कात्रीचं वारं होतं.

जेवणाच्या टेबलावर प्रात्यक्षिक व्हायचं. चार स्टीलचे पेले म्हणजे चार खांब, त्यांवर दोन उलथनी, उलथन्यांवर साबणाची डबी. साडू टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून खालून बघायचे आणि मला तसंच करायला लावायचे. "काय दिसतंय?" "साबण." "नीट बघा." तेवढ्यात ताई, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, चहा घेऊन यायच्या आणि चारातले दोन खांब उचलून त्यात चहा ओतायच्या. "दोन खांबांचीच घ्या," त्या म्हणायच्या, "मला पेले कमी पडतात." माझं मत विचारल्यावर मी एकदा म्हणालो, "चार बरे दादा, पलंगासारखे." त्यांनी गंभीरपणे वहीत लिहून घेतलं : 'साडूभाऊ – पलंग.'

भोसरीला एका दुकानात आम्ही गेलो. तिथला विक्रेता लातूरकडचा, मोठा उमदा माणूस. "काका, कुठं टाकलंय गॅरेज?"

"गॅरेज नाही. घरी."

"बरं. गाड्या किती हायत?"

"एक."

"मग दिवसाला किती वेळा उचलणार?"

"एकदा बघेन म्हणतो," साडू म्हणाले. "आयुष्यात."

विक्रेत्याने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या जॅकांकडे पाहिलं. दोघांचाही गोंधळ झाला होता, फक्त त्याला संध्याकाळी दुकान बंद करून घरी जाता येणार होतं.

घरी आल्यावर मापं सुरू झाली. पार्किंगची उंची सकाळी मोजली, दुपारी उन्हात मोजली, पंख्याचा हूक धरून मोजली, सोडून मोजली. गाडीची उंची, टपावरच्या एरिअलसकट. मग स्वतःची उंची : अनवाणी, चपलेसकट, टोपीसकट. लिफ्टखाली मान न वाकवता उभं राहता आलं पाहिजे, ही त्यांची एकच अट होती. गाडी नेमकी कुठवर येईल हे कळावं म्हणून मला फळी डोक्यावर धरून उभं केलं होतं आणि साडू माझ्या काखेखालून छताकडे बघत आकडे सांगत होते. समोरच्या जोशीकाकू गॅलरीतून म्हणाल्या, "काय हो, पाहुण्यांना शिक्षा केलीय का?" शेवटी बेचाळीस मुद्द्यांचा तक्ता तयार झाला, प्रत्येकापुढे पिवळी रेघ पडली आणि ठरलं : दोन खांब. पोटाखाली मधे काही नको.

बसवून द्यायचं काम मुस्तफाभाईंचं. पिंपरीत त्यांचं स्वतःचं गॅरेज आहे आणि कुणाला लिफ्ट बसवून हवी असली तर तेही करतात. पिढ्यान् पिढ्या इथलेच. ते जागा बघायला आले तेव्हा साडूंनी बेचाळीस मुद्दे वाचायला घेतले. मुस्तफाभाईंनी छताकडे मान वर केलीच नाही. त्यांनी टाच उचलून फरशीवर आपटली. मग दोन पावलं सरकून पुन्हा आपटली.

"साहेब, खाली काय हाय?"

"जमीन," साडू म्हणाले.

"जमीन असा आवाज देत न्हाई."

स्वयंपाकघरातून ताईंचा आवाज आला, "टाकी आहे."

त्या हात पुसत बाहेर आल्या. कोपऱ्यातलं चपलांचं स्टँड सरकवून त्यांनी पायपुसणं बाजूला केलं. खाली लोखंडी झाकण होतं. "पार्किंगभर आहे. दिवसाआड पाणी येतं, ते साठवायचं कुठे? स्लॅबची जाडी मीच उभी राहून बघितली होती. माणसाला आणि उभ्या गाडीला पुरेल एवढीच आहे."

मुस्तफाभाई हळूच म्हणाले, "बोल्ट मारला की थेट पाण्यात. आन् चार खांबांची ठेवली तरी भार जमिनीवरच येणार ना. गाडी वर आन् साहेब टाकीत."

साडू झाकणाकडे बघत राहिले. बेचाळीस मुद्द्यांतला एकही मुद्दा पायाखालचा नव्हता. "मला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

"तुम्ही घरी कधी होता?" ताई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. घराचं बांधकाम चाललं होतं तेव्हा कंपनीत नवीन गाडी येत होती आणि साडू दोन-दोन शिफ्ट करत होते. पाणी यायचं सकाळी, तोवर पहिल्या शिफ्टची बस निघून गेलेली असे. तिसरी शिफ्ट असली तर ते झोपलेले असत आणि ताई आवाज न करता झाकण उघडत.

साडूंनी वही मिटली. मला त्यांचा चेहरा बघवेना. म्हणालो, "दादा, एकदाच बघायचंय तर कुठल्याही गॅरेजात गाडी वर करून बघा ना."

त्यांनी मिटलेली वही काखेत धरली. मग म्हणाले, "हसणार नसाल तर सांगतो." रेघ सगळेच ओढत. साडू मात्र रेघेच्या टोकाशी एक बारीक टिंब द्यायचे. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं, कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. हजारो गाड्या त्या टिंबासह निघून गेल्या, एकही परत दिसली नाही. ही गाडी त्या वर्षांतली. कदाचित त्यांच्या डोक्यावरून गेलेली असेल, कदाचित दुसऱ्या शिफ्टची असेल. सर्व्हिसिंगच्या ठिकाणी गिऱ्हाइकाला गाडीखाली जाऊ देत नाहीत. आणि दिलं तरी, "चारचौघांसमोर मान वर करून बघायचं, आणि टिंब नसलं तर? घरी असतं तर एकट्याने बघितलं असतं. नसतं तर नसतं."

कुणी हसलं नाही. मुस्तफाभाईंनी टोपी सारखी केली. "शुक्रवारी दुपारी मी नमाजला जातो, गॅरेज बंद असतंय. गाडी वर करून, लॉक लावून, चावी तुमच्याकडं देतो. निवांत बघा. कुणी येणार न्हाई."

शुक्रवारी आम्ही गेलो. एकट्याने बघायचं म्हणाले होते, पण गाडीत बसताना त्यांनी ताईंना हाक मारली आणि मग मलाही. मुस्तफाभाई गाडी वर करून निघून गेले. साडू टोपी काढून तिच्याखाली जाऊन उभे राहिले. ताठ. मान न वाकवता. मी त्यांना इतकं उंच कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी टॉर्च लावला, आणि आमच्या तिघांच्या लक्षात आलं की आधीच्या कुठल्यातरी मालकाने गंज लागू नये म्हणून सगळ्या पोटाला काळा लेप फासला होता. एकही बोल्ट उघडा नव्हता. टॉर्च पुढून मागे गेला, मागून पुढे आला. शेवटी सायलेन्सरच्या वर, जिथे उष्णतेमुळे लेप लावत नाहीत तिथे, एका बोल्टवर फिकट पिवळं काहीतरी दिसलं.

"रेघ आहे," साडू म्हणाले. "टिंब... साडूभाऊ, तुम्ही बघा. माझे डोळे..."

मी पाहिलं. उजव्या टोकाशी काहीतरी होतं. ते टिंब होतं, की चिखलाचा थेंब होता, की रंगाचा पापुद्रा, मला काहीही कळेना. मी "म्हणजे..." असं म्हणून थांबलो.

"आहे की," ताई म्हणाल्या. "स्वच्छ दिसतंय."

ताईंचा चष्मा घरी राहिला होता आणि त्या भलत्याच बोल्टकडे बघत होत्या. साडूंनी टॉर्च विझवला. मग ते ताईंना तिथेच, गाडीखाली, सांगू लागले : गाडी इकडून यायची, मी इथे उभा, ही नळी आधी, मग हा सांधा. ताई पदर खांद्यावर घेऊन मान वर करून ऐकत होत्या. मी बाहेर जाऊन बाकावर बसलो.

आता लिफ्टचं नाव कुणी काढत नाही. परवा सकाळी मी त्यांच्याकडे गेलो तो पाण्याचा दिवस होता. पार्किंगमध्ये झाकण उघडं होतं आणि साडू शेजारी उंच स्टुलावर बसून टाकीत बघत होते. वरून. पाणी भरून नळ बंद झाला, तरी ते काळ्या पाण्यात हलणाऱ्या उजेडाकडे बघत राहिले. मग त्यांनी काठीने झाकण सरकवून बसवलं आणि काठीच्या टोकाला बांधलेल्या पिवळ्या मार्करने त्याच्यावर रेघ ओढली. "दर वेळी ओढतात," ताई आतून म्हणाल्या, "झाकण हळदीचं झालंय माझं."

मी वाकून पाहिलं. रेघ होती आणि टोकाशी टिंब होतं. डाव्या टोकाशी. सगळ्या रेघांना, डाव्याच. गाडीखाली मी पाहिलं होतं ते उजव्या टोकाशी.

खालून पाहिलं की डावं-उजवं उलटतं, असं साडूच सांगतात. तसंच असेल. मी मान वर केली तर ते माझ्याकडेच बघत होते. "ठीक आहे ना?" त्यांनी विचारलं.

"एकदम ठीक, दादा," मी म्हणालो, आणि पायपुसणं जागेवर सरकवलं.